सोबत्याचा पेशा बदलताना : मुलांच्या खेळातला एक नियम आणि आपला वर्ग



आजचा विषय थोडा वेगळा आहे. पाठ्यपुस्तकातला नाही, पण पाठ्यपुस्तकापाशी नेणारा आहे. पालकसभेनंतर एका आईने विचारलं, "बाई, आमच्याकडे दोघं भाऊ रात्री जेवताना बोलत असतात, 'गेलचा क्लास बदलू या', 'शॅडोहार्टचा क्लास बदलू या'. मला वाटलं शिकवणी बदलायचं चाललंय. आणि फी तर वर्षाची भरून झालेली!" आम्ही दोघी हसलो. पण त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं की मुलं तासन् तास नेमका कशावर वाद घालतात. तर तेच आज सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. ते भाऊ ज्या खेळाबद्दल बोलत होते तो 'बाल्डर्स गेट ३' नावाचा संगणकावरचा खेळ, २०२३ मध्ये आलेला. युरोपात त्याला १८ वर्षांवरच्यांसाठी असं मानांकन आहे. कॉलेजात शिकणाऱ्या थोरल्याने खेळला तर ठीक, नववीतल्या धाकट्याने शेजारी बसून बघायचा हा खेळ नव्हे. हे मी त्या आईंनाही सांगितलं. पण त्या खेळामागची कल्पना मात्र कागद-पेन्सिलीवर सातवीपासून कुठल्याही वर्गात वापरता येते, आणि ती मुळात कागदावरचीच आहे.

क्लास म्हणजे पेशा

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ छापला. पट नाही, सोंगट्या असल्याच तर नावापुरत्या. चार-पाच जण एकत्र बसतात, एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. "समोर दरवाजा आहे, बंद आहे, तुम्ही काय करता?" असं विचारलं की प्रत्येकाने आपल्या पात्राच्या वतीने उत्तर द्यायचं. जमलं की नाही ते फासा ठरवतो.

आता प्रत्येक पात्राला एक 'क्लास' असतो. मराठीत मला त्यासाठी 'पेशा' हा शब्द बरा वाटतो. सुरुवातीला तीनच पेशे होते : लढवय्या, जादूगार आणि देवाच्या नावाने जखमा बऱ्या करणारा पुजारी. पुढच्याच वर्षी चोर आला, म्हणजे कुलपं उघडणारा, हलक्या पावलाचा. २०१४ च्या नियमपुस्तकात बारा पेशे आहेत, त्यात गाऊन माणसं जिंकणारा शाहीरसुद्धा आहे.

पेशाखेरीज प्रत्येक पात्राचे सहा गुण आकड्यांत मांडतात. बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि लोकांवर पडणारी छाप. बुद्धी आणि शहाणपण वेगळे धरलेत, हे मला फार आवडलं. आपल्याकडे गुणपत्रिकेत दोन्ही एकाच रकान्यात कोंबलेले असतात.

हे आकडे वाटायची एक पद्धत गणिताच्या तासालाही वापरण्याजोगी आहे. प्रत्येक गुण ८ पासून सुरू होतो. हातात २७ गुणांची शिल्लक. ८ चे ९ करायला १ खर्च, १० ला २, ११ ला ३, १२ ला ४, १३ ला ५. इथपर्यंत सरळ आहे. पण १४ ला ७ लागतात आणि १५ ला ९. म्हणजे वरच्या पायऱ्या महाग. एकच गुण आकाशाला भिडवायचा तर दुसरीकडे हात आखडता घ्यावा लागतो. सगळ्यात हुशार, सगळ्यात बलवान, सगळ्यात देखणा असा एकच माणूस या हिशोबात बसतच नाही. मुलं पहिल्यांदा हे करतात तेव्हा कुरकुरतात, मग गप्प होऊन खोडरबर घेतात.

सोबती, आणि त्याचा पेशा बदलणं

संगणकावर एकट्याने खेळायचं तर बाकीची माणसं कुठून आणायची? म्हणून खेळ तयार करणारेच 'सोबती' देतात. त्यांना नाव, चेहरा, आवाज, भूतकाळ सगळं असतं. वर उल्लेख केलेला गेल हा जादूगार, शॅडोहार्ट ही शार नावाच्या देवीची पुजारीण. असे बरेच सोबती भेटतात, पण एका वेळी सोबत तिघांनाच नेता येतं. आपण धरून चार.

इथेच अडचण सुरू होते. चौघांत कुलूप उघडणारा कोणी हवा, जखमा बऱ्या करणारा हवा, पुढे उभा राहून मार खाणारा हवा. आपल्याला आवडलेल्या तिघांत नेमका एखादा पेशा दोनदा येतो आणि एखादा कोणाकडेच नसतो. घरी पाहुणे आल्यावर तीन भाऊ पाणी विचारतात आणि चहा कोणीच टाकत नाही, तसं.

मग 'विदर्स' नावाचं एक पात्र मदतीला येतं. जुन्या थडग्यातून उठलेला, कोरड्या आवाजाचा म्हातारा. त्याला १०० सोन्याची नाणी दिली की तो तुमचा किंवा तुमच्या सोबत्याचा पेशा बदलून देतो. गेलला लढवय्या करा, शॅडोहार्टला शाहीर करा. सहा गुणांचे आकडेही नव्याने वाटता येतात. मिळवलेला अनुभव वाया जात नाही, फक्त पहिल्या पायरीपासून एकेक निवड पुन्हा करत वर यायचं. पटलं नाही तर आणखी १०० नाणी द्या आणि परत बदला.

आता यातली गंमत बघा. पेशा बदलला तरी रूप बदलत नाही, वंश बदलत नाही आणि गोष्ट बदलत नाही. गेलला तुम्ही ढाल-तलवार दिली तरी तो बोलताना जादूबद्दलच बोलतो. त्याचं सगळं दुःख जादूच्या देवीशी असलेल्या नात्यातलं आहे, ते तसंच राहतं. शॅडोहार्टच्या हाती वीणा दिली तरी तिच्या मनातला गुंता शार देवीचाच. म्हणजे हात बदलले, आतलं माणूस तेच. दोघा भावांचा वाद यावरच होता. थोरला म्हणे, असं करणं खोटं वाटतं. धाकटा म्हणे, त्यात काय, कामाला येतोय ना?

मला विचाराल तर दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. शिक्षक म्हणून हा वाद मला सोडवत नाही.

जुनं शिकलेलं कुठे जातं?

पेशा बदलताना आधी शिकलेल्याचं काय होतं, या एका प्रश्नाला वेगवेगळ्या खेळांनी वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. ती शेजारी शेजारी ठेवली की शिक्षणाबद्दलच्या आपल्याच समजुती समोर येतात.

'बाल्डर्स गेट'चा पहिला भाग १९९८ चा. त्यातला नियम कडक होता. फक्त मनुष्य वंशाच्या पात्राला पेशा बदलता येई. बदलला की नव्या पेशात पहिल्या पायरीवर, आणि जुन्या पेशाची सगळी कौशल्यं कुलपात. नव्या पेशातली पायरी जुन्या पायरीच्या वर गेली, की मगच कुलूप उघडणार. म्हणजे सातव्या पायरीवरचा चोर जादूगार व्हायचा ठरला, तर आठवी पायरी गाठेपर्यंत त्याला धड जादूही येत नाही आणि कुलूपही उघडता येत नाही. तेवढा काळ बाकीच्यांनी त्याला सांभाळून न्यायचं. पण एकदा का तो काळ सरला, की दोन्ही विद्या हाताशी. इमोएन नावाची सोबतीण पहिल्या भागात चोर आहे आणि २००० सालच्या दुसऱ्या भागात ती चोर-जादूगार होऊन भेटते.

दुसरं उत्तर जपानचं. 'ड्रॅगन क्वेस्ट ३' हा १९८८ चा खेळ. त्यात विसाव्या पायरीला पोचलेल्या सोबत्याला एका मठात नेऊन पेशा बदलता येतो. पायरी पुन्हा एकपासून. बळ, चपळाई वगैरे आकडे निम्मे होतात. पण शिकलेले मंत्र मात्र एकही जात नाहीत. जादूगाराचा लढवय्या झाला तरी मंत्र तोंडात आहेतच. निम्मं जातं, निम्मं राहतं आणि पाठांतर पूर्ण राहतं, असा तो हिशोब.

याच खेळातल्या आणखी दोन गोष्टी मला फार विचार करायला लावतात. एक म्हणजे, पेशा फक्त सोबत्यांचा बदलता येतो. नायक शेवटपर्यंत नायकच. त्याला मुभाच नाही! दुसरी म्हणजे, त्यात एक 'उडाणटप्पू' असा पेशा आहे. ऐन लढाईत तो सांगितलेलं ऐकत नाही, टिवल्याबावल्या करतो, बाकीच्यांचा जीव मेटाकुटीला आणतो. पण सगळ्यात मोठा पेशा, म्हणजे ज्ञानी पंडिताचा, तो इतरांना एक दुर्मीळ ग्रंथ मिळाल्याशिवाय घेता येत नाही. उडाणटप्पूला मात्र ग्रंथ लागत नाही. वीस पायऱ्या त्याला सांभाळलंत, तर तो थेट पंडित होऊ शकतो. शेवटच्या बाकावरच्या मुलांना हे सांगून बघा. लक्षपूर्वक ऐकतात.

तिसरं उत्तर आजचं, १०० नाण्यांचं. काहीच जात नाही, काहीच अडत नाही.

आपल्या किनाऱ्यावर कुठलं उत्तर खरं ठरतं? ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुडकडच्या वाड्यांत नारळी-पोफळी आडव्या झाल्या. पोफळीचं रोप लावल्यावर सुपारी धरायला काही वर्षं जातात. तेवढी वर्षं घर कशावर चालवायचं? बऱ्याच जणांनी पर्यटकांसाठी खोल्या काढल्या, जेवणावळी वाढवल्या. वाडीवाला एकदम यजमान झाला. पहिली पायरी. चादरी किती घ्यायच्या, शनिवार-रविवारचा दर काय लावायचा, कशाचाच अंदाज नाही. सुपारी बोटाने दाबून तिची प्रत ओळखणारी नजर तिथे फारशी उपयोगी नाही. पण व्यापाऱ्याशी घासाघीस करायची सवय, माणूस पारखणं, पहाटे उठून पाणी सोडायची शिस्त, हे मंत्र राहिलेच. म्हणून मला 'ड्रॅगन क्वेस्ट'चा हिशोब जास्त खरा वाटतो. १०० नाण्यांचा नियम खेळात सोयीचा आहे, पण त्यावरून मुलांना वाटू नये की सगळंच असं फुकटात फिरवता येतं.

श्रीवर्धनचा कारकून

आता इतिहासाच्या तासाकडे येते. नववीच्या मुलांना मी सांगितलं, बाळाजी विश्वनाथ भट यांची पात्रपत्रिका करा. २७ गुण, सहा रकाने. पेशवा म्हटल्यावर निम्म्या वर्गाने बळाला १५ देऊन टाकले. मग आम्ही माहिती फळ्यावर लिहीत गेलो.

श्रीवर्धनचं देशमुखी घराणं. हा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दीच्या अंमलाखालचा. त्याच्याशी बिनसल्यावर गाव सोडून वर घाटाकडे जावं लागलं. चिपळूणच्या मिठागरावर कारकुनी, मग मराठ्यांच्या महसुलाच्या कामात, पुढे सरसुभेदारी, धनाजी जाधवांकडे हिशोबाचं काम. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांच्या बाजूने. शाहूंनी त्यांना 'सेनाकर्ते' हे पद दिलं, म्हणजे फौज उभी करणारा. आणि १७१३ मध्ये पेशवेपद. हिशोब लिहिणाऱ्याच्या नावापुढे सेना लागली! घोड्यावर बसण्यात ते फारसे तरबेज नव्हते, अशीही आठवण जुन्या इतिहासलेखनात आढळते.

पेशा बदलला तेव्हा त्यांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. आधीचे पेशवे बहिरोपंत पिंगळे कान्होजी आंग्र्यांवर चालून गेले होते आणि कैद झाले होते. कान्होजी तेव्हा ताराबाईंच्या पक्षात, आपल्या अलिबागच्या कुलाबा किल्ल्यापासून सगळा किनारा हाताखाली. नवे पेशवे त्यांच्याकडे गेले आणि बोलून प्रश्न सोडवला. १७१४ च्या तहाने कान्होजी शाहूंच्या बाजूला आले, सरखेल म्हणून राहिले. दोघेही किनाऱ्याचे, दोघांनाही सिद्दी काय चीज आहे ते माहीत. पुढे १७१९ मध्ये दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आल्या, येसूबाई सुटून आल्या, तेही लढाई जिंकून नव्हे. कारकुनाची बैठक, कागदाची जाण आणि समोरच्याशी बोलायची हातोटी, सगळी जुनीच शिदोरी.

इथपर्यंत आल्यावर वर्गाने बळाचे १५ खोडले. बळ ८, चपळाई ८. बुद्धी १५, छाप १५, झाले १८. शहाणपण १४, म्हणजे आणखी ७. उरले २, ते काटकपणाला, तो झाला १०. बरोबर २७. तेवढ्यात मागून एक जण उठला. "बाई, दिल्लीपर्यंत जाऊन परत आले, तेही त्या काळात, आणि काटकपणा १०?" मुद्दा बिनतोड होता. मग शहाणपण १३ केलं, त्यातून २ सुटले, काटकपणा १२ झाला. या एका दुरुस्तीवर वर्ग दहा मिनिटं भांडला. मराठ्यांच्या इतिहासावर मुलं इतकी आपणहून भांडतात, याचा आनंद शिक्षकांनाच कळेल.

पण सोबत्याला विचारलं का?

या सगळ्यात एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकत होती. संगणकाच्या खेळात सोबत्याचा पेशा आपण बदलतो, सोबत्याला कोणी विचारत नाही. १०० नाणी आपण देतो, निवड आपण करतो, तो बिचारा दुसऱ्या दिवशी तलवार घेऊन उभा. कागदावरच्या मूळ खेळात हे चालत नाही, कारण तिथे सोबती म्हणजे समोर बसलेलं दुसरं मूल असतं. ते लगेच म्हणेल, माझं पात्र आहे, तू कोण?

आपल्याच किनाऱ्यावरची लाय पाटलांची हकिकत इथे आठवते. १६७६ च्या सुमारास मोरोपंतांनी जंजिऱ्याची मोहीम काढली. लाय पाटील हे इथले कोळी. रात्रीच्या अंधारात आपली माणसं घेऊन त्यांनी जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या. मागून फौज वेळेवर पोचली नाही, पहाट व्हायला आली, शिड्या काढून परत फिरावं लागलं. जंजिरा काही मिळाला नाही. तरी शिवाजी महाराजांनी लाय पाटलांना पालखीचा मान देऊ केला. पालखी म्हणजे जमिनीवरच्या सरदाराचा मान. दर्यावर राहणाऱ्याला पालखी काय कामाची, म्हणून त्यांनी ती नम्रपणे नाकारली, असं सांगतात. मग महाराजांनी एक गलबत बांधवून त्यालाच 'पालखी' नाव दिलं आणि ते लाय पाटलांना दिलं.

ही गोष्ट आपण मुलांना शौर्यकथा म्हणून सांगतो, ती आहेच. पण तिच्यात देणाऱ्याने दिलेला मोठेपणा घेणाऱ्याने 'नको' म्हणून परत केला, आणि देणाऱ्याला राग न येता त्याने तो समोरच्याच्या मापाचा करून दिला, हा भाग आपण घाईत उरकतो.

वर्गातल्या गटकामाकडे बघा. प्रकल्पाचे गट पाडले की पेशे आपोआप ठरतात. जिचं अक्षर चांगलं ती लिहिणार. जो मोठ्याने बोलतो तो सादर करणार. ज्याच्या बाबांचं दुकान आहे तो कार्डशीट आणणार. जून ते मार्च तेच. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, अक्षर छापल्यासारखं. तिने दोन वर्षांत दहाएक तक्ते लिहिले असतील, आणि एकाही विषयावर तिला उभं राहून बोलताना कोणी ऐकलं नव्हतं. मी चिठ्ठ्या टाकून पेशे बदलले. जो बोलायचा त्याच्याकडे लेखणी, तिच्याकडे सादरीकरण.

तक्ता वाचवत नव्हता. ती उभी राहिली, चार वाक्यं जेमतेम ऐकू आली. पहिली पायरी म्हटल्यावर हे व्हायचंच. दुसऱ्या वेळी थोडं बरं झालं. तिसऱ्या वेळेआधी ती शिक्षकखोलीत आली आणि म्हणाली, "बाई, मला बोलता येतं आता. पण मला लिहायचंच आवडतं. फक्त ते सांगतात ते नाही लिहायचं."

म्हणजे तिला पेशा बदलायचा नव्हता, पेशातला अधिकार हवा होता. आता त्या गटात काय लिहायचं, काय गाळायचं हे ती ठरवते आणि तक्त्याच्या खाली लेखिका म्हणून नाव तिचं असतं. सादर करणाऱ्याला तिच्याकडून समजून घ्यावं लागतं. चिठ्ठी टाकणं म्हणजेही शेवटी न विचारणंच, हे मात्र तिच्या त्या वाक्यानंतर ठळक झालं. आता चिठ्ठ्या निघतात, पण चिठ्ठी निघाल्यावर प्रत्येकाला 'नको' म्हणायची एक संधी असते. अट एवढीच, की 'नको'सोबत 'मग काय हवं' तेही सांगायचं.

अकरावीच्या पालकांसाठी

हा भाग थोडक्यात. कला, वाणिज्य, विज्ञान ही आपल्याकडची पेशांची यादी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात या शाखांमधल्या भिंती नकोत असं म्हटलंय. घराघरांतल्या भिंती अजून उभ्या आहेत. दरवर्षी कोणीतरी अकरावी सायन्सनंतर कॉमर्सला जायचं म्हणतं आणि घरात "वर्ष फुकट गेलं" सुरू होतं. आपण त्या वेळी १९९८ चा नियम लावतो, जुनं सगळं कुलपात. खरंच तसं आहे का ते मुलाबरोबर कागदावर मांडून बघा. निम्मं काय झालं? भौतिकशास्त्राची गणितं, प्रयोगवही, त्या मित्रांचा गट. कुठले मंत्र राहिले? आलेख वाचता येतो, आकड्यांची भीती गेली, लांबलचक उत्तर नेमकं लिहायची सवय लागली. माझ्या माहितीतल्या एका मुलाने हा कागद केला तेव्हा उजवा रकाना डाव्यापेक्षा लांब झाला. एकाचा नाही झाला, आणि त्याने सायन्स चालू ठेवलं. दोन्ही वेळी निर्णय मुलाने कागदाकडे बघून घेतला, आणि आईवडील शेजारी बसले होते.

नायकाचा पेशा बदलता येत नाही, हा जपानी नियम पालकांनी मात्र घरी लावू नये. थोरल्याने डॉक्टरच व्हायचं, धाकट्याने काहीही केलं तरी चालेल, असं बऱ्याच घरांत असतं. थोरली मुलं हे बोलून दाखवत नाहीत.

वर्गात करून बघायचं असेल तर

साहित्य काही लागत नाही. वीस बाजूंचा फासा आपल्याकडे मिळत नसेल तर १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या एका डब्यात घाला, प्रत्येक वेळी काढून परत टाका. कामाच्या अवघडपणाप्रमाणे आकडा ठरवा, १० सोपं, १५ अवघड. चिठ्ठीपेक्षा गोष्ट महत्त्वाची, त्यामुळे चिठ्ठी पडली नाही तरी "मग काय झालं?" हे मुलांनाच विचारा.

पाच जणांचा गट, एक गोष्ट सांगणारा, चार पात्रं. पहिल्या तासाला फक्त पात्रपत्रिका करा, घाई नको. दुसऱ्या तासाला प्रसंग द्या. आमचा प्रसंग होता, मुरुडच्या समुद्रातल्या पद्मदुर्गावर रसद पोचवायची आहे, वाटेत सिद्दीची गलबतं. एका गटात चारही लढवय्ये निघाले आणि होडी हाकायला कोणी नव्हतं, तेव्हा पेशा बदलायचा नियम त्यांना आपोआप हवासा वाटला. तोपर्यंत तो सांगू नका. सांगायची वेळ आली की तिन्ही नियम फळ्यावर लिहा आणि कुठला लावायचा ते गटाला ठरवू द्या. माझ्या वर्गात दोन गटांनी कडक नियम घेतला, कारण त्यांना १०० नाणी "चीटिंग" वाटली.

कोळीवाड्यातल्या मुलांना या खेळात तांडेल व्हायचं असतं, आणि भरती-ओहोटी, वारा, खडक यांची माहिती ती अशी सांगतात की आपण वहीत लिहून घ्यावं. घ्याच लिहून.

पुढच्या तासाला कान्होजी आंग्रे घ्यायचे आहेत. बळाला १५ वर्गाने आधीच देऊन ठेवलेत, त्यात ९ गेले. उरलेले १८ कुठे जाणार, यावर मधल्या सुट्टीतच भांडणं सुरू झाली आहेत.